वर्गात समलिंगी लग्नाचा प्रश्न येतो तेव्हा: नागपूरच्या पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी

नागपुरातल्या शाळेत किशोरवयीन शिक्षणाची पालकसभा भरली की पाळी, आहार, मोबाइल यांवर पटकन एकमत होतं. मग मागून कुणीतरी विचारतं, "मॅडम, त्या दोन पोरांच्या लग्नाचंही शिकवणार आहे काय?" आणि सभेचा सूर बदलतो. कुणी म्हणतं, आमच्या मुलाला काय शिकवायचं ते आम्ही ठरवू. कुणी म्हणतं, आता तो गुन्हा राहिला नाही तर लपवायचं कशाला? मुख्याध्यापकांना सभा आटोपती घ्यायची असते. संघाचं रेशीमबाग आणि बाबासाहेबांची दीक्षाभूमी दोन्ही ज्या शहरात आहेत, तिथे हा मतभेद राहणारच. तो असूनही तासिका नीट कशी घ्यायची, एवढंच शाळेच्या हातात आहे.

माझी भूमिका आधीच सांगून टाकते. शाळा काय शिकवणार हे आधी बघण्याचा, त्यावर प्रश्न विचारण्याचा आणि घरी आपली शिकवण देण्याचा पालकांना पूर्ण हक्क आहे. देशाचा कायदा काय म्हणतो आणि स्वतःच्या शरीराची सुरक्षितता कशी राखायची, ही माहिती मुलापासून अडवून ठेवण्याचा हक्क मात्र कुणालाच नाही. आणि लग्न कुणी कुणाशी करावं याबद्दलचं स्वतःचं मत वर्गात पेरण्याचा हक्क शिक्षकाला नाही, मग ते मत बाजूचं असो की विरोधातलं. पुढचं सगळं या तीन गोष्टी सांभाळून कसं करायचं त्याबद्दल आहे.

कायदा आधी पक्का करा

सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो, आणि तो शिक्षकांचाच होतो. दोन निकाल एकमेकांत मिसळले जातात. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने नवतेज सिंग जोहर खटल्यात सांगितलं की, दोन सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा नाही. भारतीय दंड संहितेचं कलम ३७७ तेवढ्यापुरतं रद्द झालं. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात त्या कलमाची जागा घेणारं कलमच नाही. म्हणजे "तो अजून गुन्हाच आहे" असं वर्गात सांगणं चूक आहे.

दुसरा निकाल १७ ऑक्टोबर २०२३ चा, सुप्रियो विरुद्ध भारत सरकार. यात पाचही न्यायाधीशांचं एका मुद्द्यावर एकमत झालं: लग्न करणं हा मूलभूत हक्क नाही, आणि १९५४ चा विशेष विवाह कायदा न्यायालय बदलून लिहू शकत नाही, ते काम संसदेचं. समलिंगी जोडप्याच्या सहजीवनाला वेगळी कायदेशीर मान्यता द्यावी का आणि त्यांना जोडपं म्हणून मूल दत्तक घेता यावं का, या प्रश्नांवर मतं तीन विरुद्ध दोन अशी विभागली आणि बहुमत नकाराच्या बाजूने गेलं. फेरविचार याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. म्हणजे "सुप्रीम कोर्टाने लग्नाला मान्यता दिली" हेही चूक. व्हॉट्सअपवर दोन्ही खोटी वाक्यं फिरतात आणि एकाच सभेत दोन्ही ऐकू येतात.

याच निकालातली एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्ती जर पुरुष-स्त्री अशा नात्यात असेल, तर तिचं लग्न सध्याच्या विवाह कायद्यांखालीच होऊ शकतं, हेही पाचही न्यायाधीशांनी मान्य केलं. समलिंगी असणं आणि पारलिंगी असणं या वेगळ्या गोष्टी आहेत; वर्गात त्या एका दमात सांगितल्या की मुलं गोंधळतात आणि पालक दुप्पट.

मग व्यवहारात काय? सज्ञान जोडपं एकत्र राहू शकतं. २०२४ मध्ये केंद्र सरकारने स्पष्ट केलं की असे जोडीदार संयुक्त बँक खातं उघडू शकतात, एकमेकांना नॉमिनी करू शकतात आणि शिधापत्रिकेसाठी एकाच कुटुंबातले धरले जातील. एकटी व्यक्ती कायद्याने मूल दत्तक घेऊ शकते (एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही), पण जोडपं म्हणून दत्तक घ्यायला किमान दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक नातं लागतं. जगात नेदरलँड्सने २००१ मध्ये पहिल्यांदा असं लग्न कायद्यात आणलं, आशियात तैवानने २०१९ मध्ये, आणि थायलंडमध्ये तो कायदा जानेवारी २०२५ पासून लागू आहे. नेपाळमध्ये २०२३ मध्ये पहिली नोंदणी झाली.

शिक्षकाने एवढं एका पानावर लिहून जवळ ठेवावं. आठवणीवर भिस्त ठेवली की हमखास वर्ष चुकतं, मुलं गुगल करतात, आणि त्यानंतर तुमच्या पाळीबद्दलच्या माहितीवरही त्यांचा विश्वास राहत नाही.

अठरा वर्षांखालच्यांसाठी मात्र चित्र वेगळं आहे आणि ते नववी-दहावीला स्पष्ट सांगायलाच हवं. २०१२ चा पॉक्सो कायदा, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो. त्याला मुलगा-मुलगी, मुलगा-मुलगा, मुलगी-मुलगी असा फरक कळत नाही, आणि बालकाची संमती तो संमती मानत नाही. २०१८ चा निकाल सज्ञान व्यक्तींपुरता आहे, हे वाक्य गाळलं तर सोळा वर्षांच्या मुलाला तुम्ही चुकीचा दिलासा दिला असं होईल.

पालकांचा हक्क नेमका कुठवर

इकडे भाषा बरीच मोठी वापरली जाते, कायदा त्यामानाने थोडंच बोलतो. संविधानाच्या अनुच्छेद २८ (३) मध्ये अज्ञान मुलाच्या पालकाची संमती लागते, पण ती धार्मिक शिक्षणासाठी आणि उपासनेला हजर राहण्यासाठी. आरोग्य, शरीर किंवा नागरिकशास्त्राच्या तासाला मूल न पाठवण्याची तरतूद त्यात नाही. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याचं कलम २६ मुलाला कोणत्या प्रकारचं शिक्षण द्यावं हे निवडण्यात पालकांना अग्रहक्क देतं. भारताने डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारलेला बालहक्क करार पालकांच्या मार्गदर्शनाला मान देतो, पण मुलाच्या वाढत्या समजेच्या मापाने. आणि माहिती मिळवण्याचा हक्क तो थेट मुलाला देतो.

हातात धरता येतील असे हक्क वेगळे आहेत आणि ते फार थोडे पालक वापरतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. तासिकांचा आराखडा या समितीच्या बैठकीत मांडायला सांगा आणि इतिवृत्तात नोंद करायला लावा. विनाअनुदानित शाळांना हे कलम लागू नाही. तिथे पालक-शिक्षक संघ आहे. सरकारी किंवा अनुदानित शाळा साहित्य दाखवायला टाळाटाळ करत असेल तर दहा रुपये शुल्क भरून माहिती अधिकाराचा अर्ज टाकता येतो, उत्तराची मुदत तीस दिवस. राज्याने मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने शाळांमध्ये मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या करायला सांगितल्या आहेत. समितीत कोण आहे त्याचा फलक शाळेत लावलेला आहे का, हे विचारणं वर्गातल्या समलिंगी लग्नाच्या दहा मिनिटांपेक्षा कितीतरी निकडीचं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवरच्या अत्याचाराचं जे प्रकरण समोर आलं त्यानंतर तरी ते कुणाला समजावून सांगावं लागू नये.

दोन परदेशी उदाहरणं सभेत हमखास निघतात, म्हणून तीही नीट माहीत हवीत. अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या माँटगोमेरी काउंटीच्या शाळा मंडळाने प्राथमिक वर्गांच्या भाषेच्या तासाला समलिंगी आणि पारलिंगी पात्रं असलेली गोष्टींची पुस्तकं आणली. सुरुवातीला पालकांना कळवून मुलाला बाहेर ठेवण्याची सोय दिली, मग २०२३ मध्ये ती काढून घेतली, कारण बाहेर बसणारी मुलं सांभाळणं जमेना. पालक न्यायालयात गेले. २७ जून २०२५ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की, खटला चालू असेपर्यंत धार्मिक आक्षेप असलेल्या पालकांना आधी कळवावं आणि मुलाला बाहेर ठेवू द्यावं. इंग्लंडचा मार्ग वेगळा. तिथे सप्टेंबर २०२० पासून नातेसंबंधांचं शिक्षण सक्तीचं आहे आणि त्यातून मूल काढून घेता येत नाही. माध्यमिक शाळेतल्या लैंगिक शिक्षणातून काढण्याची विनंती पालक करू शकतात, पण मूल सोळा वर्षांचं होण्याआधीच्या तिसऱ्या सत्रापासून पुढे मुलाने स्वतः मागितलं तर शाळेने त्याला शिकवायचं. त्याआधी २०१९ मध्ये बर्मिंगहॅममध्ये शाळांच्या दारात पालकांची मोठी निदर्शनं झाली होती. या दोन्ही ठिकाणी पुस्तकात काय होतं याइतकाच राग "आम्हाला विचारलं का नाही" याचा होता. आपल्याला घेण्यासारखं आहे ते एवढंच. तिथले निकाल नागपूरच्या शाळेला बांधील नाहीत.

आपल्याकडेही हेच झालं. २००५ मध्ये केंद्राने किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आणला आणि २००७ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो थांबवला. आक्षेप मुख्यतः चित्रांवर आणि भाषेवर होता. शिक्षकांसाठी काय आणि मुलांसाठी काय, हे पालकांना कुणी आधी दाखवलंच नव्हतं. सध्या आयुष्मान भारतअंतर्गत शालेय आरोग्य कार्यक्रम आहे; त्याचा अभ्यासक्रम फेब्रुवारी २०२० मध्ये आला. त्यात अकरा विषय आहेत, प्रत्येक शाळेत दोन शिक्षक, शक्यतो एक पुरुष आणि एक महिला, 'आरोग्यदूत' म्हणून नेमायचे आहेत आणि आठवड्याला एक तास ठेवायचा आहे. त्या अकरांत भावनिक आरोग्य, नातेसंबंध, लिंगसमभाव, प्रजनन आरोग्य, हिंसेपासून सुरक्षितता, इंटरनेटचा सुरक्षित वापर हे सगळं येतं. समलिंगी लग्न नावाचा धडा त्यात नाही. तो राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानातही नाही. तिथे 'सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग २' मध्ये मासिक पाळी, परीक्षानळीतलं बाळ, सरोगसी इथपर्यंत येतं. लग्नाचा प्रश्न मुलांकडून येतो. नागपूरच्याच दोन महिला डॉक्टरांनी अंगठ्या घालून एकमेकींना साथीचं वचन दिल्याची बातमी २०२२ च्या सुरुवातीला देशभर गेली, प्राइड यात्रा संविधान चौकातून निघते, ओटीटीवर मालिका आहेत. मुलांनी ते पाहिलेलंच असतं.

पत्र, सभा आणि चार तासिका

तासिकांच्या किमान पंधरा दिवस आधी पालकांना दोन पानांचं पत्र द्या, मराठीत आणि हिंदीत. जरीपटका, सदर, इतवारी भागातल्या शाळांत मराठी पत्र घरी वाचलंच जात नाही असे पालक बरेच असतात. पत्रात तासिकेनुसार विषय, शिकवणाऱ्या शिक्षकांची नावं, वेळ, वर्गात वापरले जाणारे शब्द आणि साहित्य कार्यालयात कधी बघता येईल ते लिहा. आणि मिनिटं लिहा. चार तासिका, प्रत्येकी चाळीस मिनिटं, म्हणजे एकशे साठ. त्यात समलिंगी नाती, कायदा आणि चिडवणं यांना मिळून दहा ते बारा. हा आकडा कागदावर दिसला की निम्मा विरोध तिथेच विरतो, कारण पालकांनी महिनाभर हेच चालणार अशी कल्पना करून घेतलेली असते.

सभा रविवारी सकाळी घ्या. बुटीबोरी-हिंगण्याच्या एमआयडीसीत शिफ्ट करणारे वडील बुधवारी दुपारी येणार नाहीत, आणि जे आले नाहीत तेच नंतर सर्वांत जास्त भडकतात. नव्वद मिनिटं पुरतात: पंधरा कायद्याला, तीस मिनिटं प्रत्यक्ष साहित्य दाखवायला, उरलेली प्रश्नांना. साहित्य म्हणजे तेच पान, तेच चित्र, जे वर्गात दिसणार आहे. सारांश दाखवू नका. "पोट्ट्यांना हे आताच कायले सांगता?" या प्रश्नाला उत्तर असं द्या की अमुक वर्गाला अमुक एवढंच सांगणार आहोत, आणि ते वाक्य वाचून दाखवा. हात वर करून मतदान घेऊ नका. तीस पालकांच्या बहुमताने एकतिसाव्याच्या मुलीच्या सुरक्षिततेचा तास रद्द होऊ शकत नाही, आणि मतदान हरलेल्या पालकाला ते आयुष्यभर लक्षात राहतं.

एखादा पालक तरीही म्हणाला की माझ्या मुलाला बसवायचं नाही, तर? आपल्याकडे यासाठी तयार नियम नाही, म्हणून शाळेने आधीच लेखी ठरवून ठेवावं. माझ्या मते रेघ अशी ओढावी: पाठ्यपुस्तकातला धडा आणि सुरक्षिततेची तासिका सर्वांना, चर्चेच्या तासिकेला पालकाने लेखी विनंती केली तर मुलाने वाचनालयात बसावं. त्या मुलाला कारण विचारायचं नाही, हजेरीत वेगळी खूण करायची नाही. पालकाला एक गोष्ट मात्र शांतपणे सांगा. बाहेर बसलेल्या मुलाला मधल्या सुट्टीत मित्र सगळं सांगतात, आणि त्यांच्या सांगण्यात तारीख, कायदा, वयाची अट यांपैकी काहीच नीट उरत नाही. हे पटून विनंती मागे घेणारे पालक बरेच असतात. जे घेत नाहीत त्यांच्याशी वाद घालू नये.

वर्गातली प्रश्नपेटी हा या तासिकांचा कणा आहे आणि तीच सर्वांत जास्त बिघडते. कागदाचे सारख्या आकाराचे तुकडे करा, एका ए-फोर पानाचे चार. प्रत्येकाने लिहायचं. ज्याला प्रश्न नाही त्याने फळ्यावरचं एक वाक्य उतरवायचं. हे केलं नाही तर साठ जणांत जे पाच लिहितात तेच ओळखू येतात आणि पुढच्या वेळी पेटी रिकामी येते. पेटी वर्गात उघडू नका. शाळा सुटल्यावर दोन शिक्षकांनी मिळून चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे करा: पुस्तकातून उत्तर देता येईल ते, तयारी करून द्यायचं ते, आणि ज्यात कुणाला त्रास होत असल्याचा वास येतो ते. अक्षरावरून मूल शोधण्याचा खेळ करू नका. तिसऱ्या गठ्ठ्यासाठी पुढच्या तासाला पूर्ण वर्गाला सांगा की अशी वेळ आली तर कुणाला भेटायचं, मुलांसाठीची मदतवाहिनी चाइल्डलाइन १०९८ कशी चालते, आणि त्या दिवशी समुपदेशक किंवा महिला शिक्षिका एकट्या बसलेल्या मिळतील अशी जागा आणि वेळ सांगा. चिठ्ठीत अत्याचार आणि करणारा स्पष्ट लिहिलेला असेल तर मात्र थांबायचं नाही. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे ती माहिती पोलिसांना द्यावीच लागते. न देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत.

उत्तर किती आणि कसं

पाचवी-सहावीच्या मुलाने विचारलं, "मॅडम, मुलगा मुलाशी लग्न करतो का?" तर एवढं पुरतं: "काही मोठी माणसं एकमेकांवर प्रेम करतात आणि सोबत राहतात. त्यांत कधी दोन पुरुष असतात, कधी दोन बायका. आपल्या देशात अशा लग्नाची सरकारी नोंद होत नाही, काही देशांत होते. यावरून कुणालाही चिडवायचं नाही. तुझ्या घरी याबद्दल काय वाटतं ते आईबाबांना विचार." इथे थांबा. शरीराबद्दल, संबंधांबद्दल एक शब्द नको. मुलाने ते विचारलेलंच नाही. शेवटचं वाक्य गाळू नका, कारण घरचा वाटा त्या वाक्यातून घरी परत जातो. आणि "तू का विचारतोस?" असं तर चुकूनही विचारू नये. तो एक प्रश्न पूर्ण वर्गाला वर्षभर गप्प करतो.

आठवीला गुन्हा आहे की नाही हे वरच्या दोन तारखांसह सांगा. या वयात कुणाबद्दल काय वाटतं ते बदलतंही, टिकतंही. स्वतःवर किंवा दुसऱ्यावर शिक्का मारायची घाई नको. "हा आजार आहे का?" याला सरळ उत्तर आहे: नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, आणि ती 'बरी' करण्याचे उपचार हे डॉक्टरचं गैरवर्तन आहे असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये जाहीर केलं. हे मद्रास उच्च न्यायालयातल्या एका खटल्यामुळे झालं. त्याच न्यायालयाने २०२१ च्या आदेशात पालक-शिक्षक सभांमधून पालकांशी या विषयावर बोलावं असंही सुचवलं होतं.

"एड्स त्यांच्यामुळे होतो ना?" हाही प्रश्न येतो. एचआयव्ही असुरक्षित संबंधांतून, दूषित रक्तातून, एकच सुई अनेकांना वापरल्याने आणि आईकडून बाळाला होतो. तो कुणाचं लिंग बघून येत नाही, धोका वागण्यात असतो. दोन वाक्यांत आटपावं.

दहावीला हा विषय राज्यशास्त्राच्या तासाला जास्त चांगला बसतो. तिथे एक चूक फार उत्साहाने केली जाते: "समलिंगी विवाह, बाजूने आणि विरोधात" अशी वादविवाद स्पर्धा. साठ मुलांच्या वर्गात एखादं मूल असं असतंच की त्याच्या जगण्यावरच वर्गमित्र टाळ्या मिळवत बोलतात, आणि त्याला चेहऱ्यावर काही दिसू न देता तिथे बसावं लागतं. त्याऐवजी विषय द्या: "असा बदल संसदेने करावा की न्यायालयाने?" सुप्रियो निकालाचा गाभा तोच आहे. मुलांना मूलभूत हक्क, कायदा करण्याचा अधिकार, बहुमत आणि अल्पमत हे सगळं बोलावं लागतं, आणि दोन्ही मतांच्या घरांतली मुलं ताठ मानेने बोलू शकतात.

मुला-मुलींना वेगळं बसवावं का? शरीराच्या तपशिलाला हवं तर वेगळं बसवा, पण दोन्ही गटांना सगळी माहिती द्या. कायदा आणि चिडवण्याची तासिका एकत्रच. नॅपकिनचं पाकीट देऊन मुलींना सभागृहात आणि मुलांना मैदानावर पाठवण्याची पद्धत अजून चालू आहे. मग "छक्का", "बायल्या" म्हणून चिडवणारी मुलं नेमकी त्या तासाला मैदानावर असतात.

बाहेरचा तज्ज्ञ बोलावून एका तासात दोनशे मुलं उरकणं हाही तोट्याचा सौदा आहे. प्रश्न दुसऱ्या दिवशी सुचतात आणि तेव्हा तज्ज्ञ गावात नसतो. तज्ज्ञ बोलवायचाच तर शिक्षकांच्या तयारीसाठी बोलवा. सारथी ट्रस्ट ही नागपुरातली संस्था समलिंगी आणि पारलिंगी लोकांमध्ये काम करते. शिक्षकांनी आधी अशा लोकांशी बोललं तर वर्गात आवाज थरथरत नाही.

मुलाने शिक्षकाला स्वतःबद्दल सांगितलं तर

"सर, मला मुलं आवडतात." हे वाक्य ऐकल्यावर बहुतेक शिक्षक घरी फोन लावतात. पालकांचा हक्क म्हणून लावतात, मन साफ असतं, पण परिणाम वाईट होतो. अनेक घरांत त्या रात्री मारहाण होते, मोबाइल काढला जातो, मांत्रिकाकडे किंवा 'उपचारा'ला नेलं जातं, मुलीची शाळा बंद होते. आधी विचारा: कुणी त्रास देतंय का? कुणी जबरदस्ती करतंय का? घरी सुरक्षित वाटतं का? स्वतःला इजा करावीशी वाटते का? "मी कुणालाच सांगणार नाही" असं वचन मात्र देऊ नका, कारण अत्याचार निघाला तर पॉक्सोखाली सांगावंच लागेल. असं म्हणा: "तू सांगितलंस ते बरं केलंस. तुला कुणी इजा करत असेल किंवा तुला स्वतःला इजा करावीशी वाटत असेल तरच मला पुढे सांगावं लागेल, आणि तेव्हाही आधी तुला सांगून."

धोका नसेल तर घरी कधी आणि कसं सांगायचं हे मुलावर सोडा, समुपदेशकाची वेळ द्या. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो, मराठीत बोलता येतं. सरकारी रुग्णालयांतली मैत्री क्लिनिक दहा ते एकोणीस वयाच्या मुलांसाठीच आहेत. स्वतःला इजा करण्याचा विचार असेल तर पालकांना बोलवावंच लागतं. त्या वेळी मूल जगण्या-मरणाच्या विचारात आहे एवढं सांगा; त्यामागचं कारण सांगायचं की नाही ते मुलासोबत ठरवा. आणि शाळेच्या नोंदवहीत "समलिंगी" असा शेरा कधीही लिहू नका. ती वही कोण कोण उघडतं ते तुम्हाला माहीत असतं.

पालक स्वतः शिक्षकांकडे ही शंका घेऊन आले तर त्यांना अर्धा तास द्या आणि दार बंद करा. ते बहुधा घाबरलेले असतात, त्यांना दोष देऊन काही साधत नाही. तीन गोष्टी सांगाव्यात: हा आजार नाही, म्हणून बरं करणाऱ्याला पैसे देऊ नका, मुलाशी बोलणं तोडू नका, आणि लग्न लावून दिलं की सुटेल हा सल्ला ऐकू नका, त्यात दुसऱ्या घरचं एक माणूसही फसतं. धर्माने, परंपरेने त्यांना हे मान्य नसेल तर ते त्यांचं मत आहे, शाळेने ते बदलायला बसू नये. मूल रोज शाळेत येत राहील आणि जेवून झोपेल, याची हमी मात्र त्यांच्याकडून घ्यावी.

वेळापत्रकाबद्दल थोडं. विदर्भात राज्य मंडळाच्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात, म्हणून पत्र जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, सभा महिनाअखेरीच्या रविवारी आणि पहिल्या दोन तासिका पोळ्याआधी बसतात. उरलेल्या दोन दिवाळीच्या सुट्टीआधी संपवा. जानेवारीनंतर दहावीच्या मुलांना सराव परीक्षांपुढे दुसरं काही दिसत नाही. सीबीएसईच्या शाळांनी एप्रिलमध्येच पत्र द्यावं आणि तासिका सुट्टीनंतर घ्याव्यात. प्रत्येक तासिकेनंतर दोन्ही शिक्षकांनी अर्धं पान लिहून ठेवावं: कोणते प्रश्न आले, काय उत्तर दिलं, काय अनुत्तरित राहिलं. पुढच्या वर्षीच्या सभेत पालकांना साहित्यासोबत मुलांचे हे प्रश्न, नावं नसलेले, वाचायला द्यावेत.